आहेराच्या साडीत बांधलेलं बाळ

आमच्या घरात दिवसा आवाज करायला बंदी होती. नवरा भाजीपाल्याची पिकअप चालवतो. संध्याकाळी माल भरून मुंबईकडे निघायचं, रात्रभर गाडी हाकायची, सकाळी परत यायचं, वाटेत एक क्वार्टर पोटात ढकलायची आणि पत्र्याच्या खोलीत बाजेवर आडवं व्हायचं, हा त्याचा दिनक्रम. मग दुपारपर्यंत कुठं भांडं आपटलं, कोंबडं आरवलं, की तो उठायचा आणि मला मारायचा. कोंबड्याला मारलं तर कोंबडं मरेल, एवढी अक्कल त्याला होती.

मी काही गरीब गाय नाही. आळे गावची आहे, बागायतदाराची पोर. शाळेत वेणी ओढली म्हणून एका पोराचा दात पाडला होता, आणि लग्नानंतर लाटणं फेकून नवऱ्याची भुवई फोडली होती. आमच्यात मार दोन्हीकडून चालायचा, फक्त त्याचा जास्त लागायचा. दिवस गेल्यावर मात्र मी हात आवरला. त्याचा हात उठला की मी वळून पाठ पुढं करायचे, पोटाला लागू नये म्हणून. ते नऊ महिने माझ्या पाठीनं काढले.

माझी आई लवकर गेली. माहेरी भावजयीचं राज्य, त्यामुळं पहिलं बाळंतपण असूनही सासरीच झालं, पारगावच्या बाजूला. सरकारी दवाखान्यातली नर्सबाई माझ्यापेक्षा तापट. मी ओरडले तर तिनं मांडीवर फाडकन चापट मारली आणि म्हणाली, "बोंबलू नको, जोर लाव!" मी तिला आईवरून शिवी दिली. तिनं दुसरी मांडी रंगवली. असा आमचा परिचय झाला आणि पोरगा झाला.

घरी सोडायच्या दिवशी तिनंच मला बाळ गुंडाळायला शिकवलं. बाळ झोपेत एकदम दोन्ही हात फेकायचं, कुणी वरून खाली टाकल्यासारखं, आणि आपल्याच हातांनी जागं होऊन किंचाळायचं. ती म्हणाली, सगळी बाळं असंच करतात, नीट गुंडाळलं की दचकणं कमी होतं. पातळ सुती कापड घ्यायचं, कोपरा दुमडायचा, बाळ त्यावर उताणं. हात छातीशी, कापड खांद्याच्या वर न्यायचं नाही. छातीपाशी आपली दोन बोटं आत गेली पाहिजेत. आणि पाय मोकळे, गुडघ्यात दुमडलेले, बेडकासारखे. मी पाय सरळ करून ओढायला गेले तर माझ्या मनगटावर चापट बसली.

"सरळ केले ना, तर खुब्याचा सांधा निखळंल. मग लंगडत चालंल जन्मभर. आणि उताणंच झोपवायचं, तोंडावर काही टाकायचं नाही, वर गोधडी घालायची नाही. मानेला घाम दिसला की सोडायचं. कूस बदलायला लागलं की गुंडाळणंच बंद. कळलं का?"

कळलं होतं. मनगट झोंबत होतं, त्यामुळं पक्कं कळलं.

माझ्याकडं कॉलेजच्या वेळच्या दोन सुती ओढण्या होत्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. त्यातच मी त्याला गुंडाळायचे. एक अंगावर, एक वाळत. खरंच झोपायचा. तो झोपला की नवरा झोपायचा, नवरा झोपला की मी पाठ टेकायचे. एका ओढणीवर आमचं घर चाललं होतं म्हणायला हरकत नाही.

पण सासूला ते गुंडाळणं पटेना. माझी सासू, मी तिला आत्याबाई म्हणते, म्हणजे सुकलेल्या बाभळीचं लाकूड. बाळाला न्हाऊ घालायचं काम तिचं. पाय लांब करून बसायची, नडगीवर पोराला पालथं टाकायची आणि तेल लावून असं रगडायची की ते लाल होऊन ओरडायचं. मग कढत पाणी, मग नाक ओढणं, मग ओव्याची धुरी. आणि हे सगळं झाल्यावर बांधणं. तिचं बांधणं पायांपासून सुरू व्हायचं. दोन्ही गुडघे दाबून पाय सरळ काठीसारखे करायचे, हात खाली अंगाला चिकटवायचे आणि पायापासून गळ्यापर्यंत घट्ट वेढे. "पाय फेंगडे न्हाई व्हत मग," ती म्हणायची. "समद्या पोरांना असंच बांधलं मी. मेलं का कुणी?"

मी तिच्या हातातून पोरगा ओढून घ्यायचे आणि सोडून पुन्हा माझ्या पद्धतीनं गुंडाळायचे. मी पाणी आणायला वळले की ती पुन्हा बांधायची. एके दिवशी आम्ही दोघींनी एकाच वेळी कापडाला हात घातला, मधे बाळ. तिनं एक टोक ओढलं, मी दुसरं. तिनं माझ्या दंडाला नखं मारली. मी तिचा अंगठा चावले. हे सगळं आवाज न करता, कारण आत बाजेवर तिचा लेक झोपला होता. दोघी धापा टाकत होतो आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. मधे पोरगा टकामका बघत होता. शेवटी तिनं टोक सोडलं, पण नजर सोडली नाही.

तिचा अजून एक हट्ट होता. बाळाला आजीच्या अंगावरचं नेसलेलं कापड पाहिजे, आजीचं आयुष्य त्याला लागतं. रीत चांगली आहे, जुनं लुगडं मऊ असतं, हवा जाते. पण आत्याबाईंची सुती लुगडी बोहारणीनं कधीच नेली होती, त्यावर आलेलं स्टीलचं पातेलं चुलीपाशी होतं. आता पेटीत राहिल्या होत्या आहेराच्या साड्या. एका लग्नात मिळायच्या, पुढच्या लग्नात देऊन टाकायच्या, त्यातल्याच दोन-चार ती नेसायची. चमकणाऱ्या, निसरड्या, प्लॅस्टिकच्या बहिणी. मी म्हटलं, "आत्याबाई, यात पोतं बी गुदमरंल." ती म्हणाली, "नेसलेली हाय ना? मग झालं."

वैशाखाचं ऊन होतं. उसात बिबट्या फिरतो म्हणून आमच्याकडं खिडक्यांना जाळी आणि जाळीवर पत्रा, दिवसाही बंदच. वर पत्रा, बाजूला पत्रा. पंखा गरम वारा फेकायचा, तोही लाईट असेल तर. त्या दिवशी पोरानं दोन्ही ओढण्या खराब केल्या. त्याला उघडंच झोपवलं आणि मी बादली, धोपाटणं घेऊन बोअरच्या हौदावर धुवायला गेले. नवरा नुकताच येऊन पडला होता.

परत आले तर घर शांत. एवढं शांत मला कधीच आवडत नाही. पाळण्यात बघितलं. पोरगा गळ्यापर्यंत जांभळ्या आहेराच्या साडीत, वेढ्यावर वेढे, वरून गोधडीचा तुकडा. तोंड लाल भडक. केस ओले. डोळे अर्धवट. मी हाक मारली, हलवलं, काही नाही. गाठ मागे होती. माझी बोटं निसटत होती, साडी सुटेना. मी दातानं गाठ तोडली. आत पोरगा भट्टीतून काढल्यासारखा तापलेला, अंगभर घामोळं, हात सोडले तर ते पडूनच राहिले. मला वाटलं, गेला. एवढंच वाटलं.

ओल्या ओढणीनं पुसलं, पुट्ठ्यानं वारा घातला, छातीला लावलं. ओढेना. गालावर टिचक्या मारल्या, पायाचे तळवे चोळले. मग कधीतरी त्याचं तोंड हललं, आधी बारीक कण्हला आणि मग असा रडला की पत्रा वाजला. आयुष्यात मला इतका गोड आवाज कधी आला नव्हता.

सासू दारात उभी होती. मी उठले आणि तिचा अंबाडा धरला. "मारलं असतं तुमी त्याला!" मी तिचं डोकं चौकटीवर आपटणार होते, खोटं कशाला बोलू. ती सोडवून घ्यायला बघत नव्हती. फक्त हळू आवाजात म्हणाली, "रडलं असतं तर त्यो उठला असता. तुला मारलं असतं. म्हनून बांधलं."

आणि तो उठलाच. डोळे लाल, तोंडाला वास. काय झालं ते त्यानं विचारलं नाही. माझ्या कानाखाली एक, पाठीत एक लाथ. मी पोरावर वाकले. तो वरून म्हणाला, "थांबव त्याला, न्हाईतर मी थांबवतो." आणि त्याचा हात माझ्या खांद्यावरून खाली, पोराच्या तोंडाकडं आला. तोंडावर तो आख्खा पंजा बसला असता. मी त्याच्या हाताला कडकडून चावले, रक्त येईपर्यंत, आणि तशीच पोराला घेऊन बाहेर पळाले. आत्याबाई अनवाणी माझ्या मागे.

रस्त्यावर जीप मिळाली. दवाखान्यात तीच नर्सबाई. तिनं पोराला तपासलं, ताप बघितला, डॉक्टरांना दाखवलं, माझ्या सुजलेल्या गालाकडंही एकदा बघितलं. पोरगा वाचला होता, उन्हानं आणि कापडानं तापला होता, दूध पाजत राहा म्हणाले. मग तिनं जांभळी साडी चिमटीत धरली आणि आमच्या सासूला असं झाडलं की रांगेतल्या बाया गप्प झाल्या. म्हातारी झालीस तरी अक्कल नाही, मढं बांधतेस का लेकरू, वगैरे. मला वाटलं, आता आत्याबाई भडकणार.

तिनं फक्त एक विचारलं, "आन् रडलं तर?"

नर्सबाई म्हणाली, "तर रडू द्या. जवळ घ्या, पाजा, आणि तरी रडलं तर रडू द्या. लेकरू हाय, रडणारच."

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागं बसलो होतो. आत्याबाई उसाकडं बघत होती. म्हणाली, "रडू द्या म्हनं." पुन्हा थोड्या वेळानं, "आमाला कुणी सांगितलंच न्हाई असं." मग तिनं सांगितलं. तिचा नवरा, माझा सासरा, तिला बैलाच्या कासऱ्यानं मारायचा. पोर रडलं की मारायचा. म्हणून ती घट्ट बांधायला शिकली. घट्ट बांधलेलं पोर दमतं आणि गप पडतं. तिची दोन पोरं अशीच गप पडलेली होती, ती उठलीच नाहीत. देवानं नेली असं ती आजवर म्हणायची. जीपमध्ये तिनं ते वाक्य म्हटलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता. मी तिचा हात धरला आणि तिनं तो धरू दिला.

दुसऱ्या दिवशी नवरा नेहमीसारखा आला, हाताला माझ्या दातांच्या जागी फडकं, पोटात क्वार्टर. बाजेवर उताणा पडला आणि घोरायला लागला. आत्याबाईंनी पेटी उघडली. आहेराच्या तीन साड्या काढल्या आणि एकीला एक गाठ मारली. मला म्हणाली, "चल, टोक धर."

मी बाजेखाली शिरले. ती वरून टोक द्यायची, मी खालून ओढून पलीकडं काढायचे. सुरुवात पायांपासूनच केली तिनं. गुडघे दाबले, पाय सरळ केले, वेढा. मग मांड्या, मग हात अंगाला चिकटवून, पोट, छाती. मधेच तो अर्धवट जागा झाला, "काय गं?" म्हणाला. ती म्हणाली, "झोप," आणि तो झोपला. गळा तिनं मोकळा सोडला. गाठ बाजेखाली, जिथं दात पोचत नाहीत. मी बाजेखालून बाहेर आले तेव्हा माझ्या केसांत जळमटं होती आणि मला लग्नातसुद्धा झाला नव्हता एवढा आनंद झाला होता.

मग लाईट गेली. ती आम्ही घालवली नव्हती, महावितरण आपणहून आमच्या बाजूनं झालं. पंखा थांबला. आत्याबाईंनी पोराची ओढणी सोडली, हातपाय मोकळे केले आणि त्याला त्याच खोलीत चटईवर झोपवलं. ते दचकलं, जागं झालं आणि रडायला लागलं. मी पदर सरकवला तर म्हणाली, "जरा थांब."

नवरा उठला. म्हणजे उठायला गेला. आधी त्याला कळलंच नाही. मग अंगाला झटका दिला, बाज हलली. मग शिव्या. अशा शिव्या मी पिकअपवाल्यांच्या तोंडूनही ऐकल्या नव्हत्या. आत्याबाई त्याच्या डोक्याशी पाटावर बसली.

"सोड! सोडती का न्हाई? जीव घीन एकेकीचा!"

"घे की. ऊठ आन् घे."

घाम यायला लागला. साडी घाम पीत नाही, तो आतच राहतो. त्याच्या गळ्यातून ओघळ वाहायला लागले. ऊन पत्र्यावर चढत गेलं. शिव्या कमी झाल्या. "आई, हाताला मुंग्या आल्यात." ती म्हणाली, "तुझ्या लेकाला बी आल्या व्हत्या." "आई, दम कोंडतोय, आई गं, पाय तरी सोड." मी पोराला कधीच जवळ घेतलं होतं, ते पिऊन पुन्हा झोपलं होतं. मी उंबऱ्यात बसून नवऱ्याला बघत होते. तो रडला. मोठा माणूस तोंड पसरून रडतो तेव्हा लई घाण दिसतो. मग बाजेखाली पाणी ठिबकायला लागलं. तो अंगातच मुतला होता. आत्याबाई उठली, फडकं आणून जमीन पुसली आणि पुन्हा पाटावर बसली. मला त्याची दया आली नाही. मी आत शोधली, पण नव्हती.

माल भरायला जायची वेळ झाली तेव्हा तिनं गाठ सोडली. तो भिंत धरून उभा राहिला, पाय लटपटत होते. आम्ही दोघी उभ्या होतो. त्यानं आईकडं बघितलं आणि हात फिरवून तिच्या तोंडात मारली. तिच्या कानातली कुडी उडून चुलीपाशी पडली. माझ्या सासऱ्याचा मार तिनं जन्मभर खाल्ला होता, लेकाचा पहिल्यांदाच. ती खाली बसली आणि कानाला हात लावून बोटावरचं रक्त बघत राहिली. त्याचा हात पुन्हा वर गेला.

धोपाटणं दारामागं होतं. मी ते दोन्ही हातांनी उचललं आणि त्याच्या त्या उठलेल्या हातावर घातलं. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज आला. तो गुरासारखा ओरडला आणि मनगट पोटाशी धरून बसला. मला अजून मारायचं होतं. डोकं समोरच होतं. आत्याबाई खालूनच म्हणाली, "आगं, लेकरू दचकलं. घे त्याला." तिच्या त्या बोलण्यानं नवरा वाचला आणि मी तुरुंगात जायची वाचले.

डॉक्टरांना त्यानं सांगितलं, गाडीचा मागचा फाळका हातावर पडला. कोपरापर्यंत प्लास्टर. पिकअप मित्राच्या हातात गेली आणि हा घरी बसला. डाव्या हातानं मारायचा एकदा प्रयत्न केला त्यानं, जमलं नाही, मीच धोपाटणं दाखवलं. नंतर बाजेवर बसून बघत राहायचा. मी कापड पसरायचे, कोपरा दुमडायचे, पोराला उताणं ठेवायचे, हात छातीशी घ्यायचे, दोन बोटं घालून बघायचे. आत्याबाई आता पाय बेडकासारखे ठेवायची, आणि मी कधी घाईत ओढलंच तर माझ्या मनगटावर चापट मारायची. एकदा नवरा म्हणाला, "मला बी असं बांदलं व्हतं का गं, आई?" ती तांदूळ निवडत होती. "तुला लई घट्ट बांदलं," म्हणाली.

पोरगा कुशीवर वळायला लागला तसं मी गुंडाळणं बंद केलं, नर्सबाईनं सांगितलं होतं तसं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. त्याचे हात पुन्हा मोकळे झाले, झोपेत उडायला लागले, दर थोड्या वेळानं जाग. त्याच आठवड्यात नवऱ्याचंही प्लास्टर काढलं. आतून निघालेला हात बारीक, पांढरा, सोललेल्या मुळ्यासारखा. तो पुन्हा गाडीवर जायला लागला, पुन्हा सकाळी यायला लागला. दारू कमी झाली होती, सुटली नव्हती. मोकळा झालेला तो हात दिसला की मी पोराला उचलून कडेवर घ्यायचे.

एक दिवस आला तो सरळ चटईवर आडवा झाला, पोराच्या शेजारी. मी भाकरी टाकत होते. मी म्हणायला हवं होतं की तिकडं झोपू नका, पण तव्यावर भाकरी होती आणि शब्द उशिरा सुचले. दोघं झोपले. मग पोरगा दचकला. दोन्ही हात फेकले आणि एक मूठ थेट बापाच्या नाकावर बसली. चांगली बसली, आवाज आला.

नवऱ्याचे डोळे उघडले. हात वर गेला. तोच हात, उजवा. मी पिठाच्या हातानं उठले. दारात आत्याबाई उठली. पोरगा रडायच्या बेतात तोंड वाकडं करत होता. हात वर तसाच राहिला. मला आज सांगता येणार नाही तो किती वेळ वर होता. मग खाली आला, पोराच्या छातीवर, आणि थोपटायला लागला. त्याला थोपटता येत नव्हतं. घाईघाईनं, वेडंवाकडं, दारावर थाप मारावी तसं. पोरगा तरी गप झाला. थोड्या वेळानं दोघंही झोपले आणि हात छातीवर तसाच राहिला.

तव्यावरची भाकरी जळून गेली. मी चटईपाशी बसले आणि त्या हाताकडं बघत राहिले, तो जड पडतोय का, हलतोय का, पोराचा श्वास वरखाली होतोय का. पोरगा आता चालतो, पळतो, दोन्ही पायांवर सरळ पळतो. बाप त्याला खांद्यावर घेऊन ओझरच्या गणपतीला नेतो. लोक म्हणतात, माणूस सुधारला. असेल. मी त्याचा हात बघते. जेवताना बघते, गाडीचं दार लावताना बघते, पोराच्या डोक्यावरून फिरताना तर सगळ्यात जास्त बघते.